वनजा शेतात जात होती

वनी,

डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास तुझ्या नावाचा बारा हजार सहाशे रुपयांचा चेक आपल्या घरी आला. त्या वेळी घरात तुझी आई, तुझी काकू आणि मी असे तिघं होतो, आणि चौथे, चेक घेऊन आलेले, तुझे सर. थकलेली फेलोशिप, सात महिने, महिना अठराशेप्रमाणे. मी उभ्या उभ्या गुणाकार करून पाहिला. बरोबर होता. तुझं तेरावं होऊन आठवडाही झाला नव्हता.

सात महिने तू त्या पैशांसाठी पत्रं लिहिलीस. तू गेल्याचं कळल्यावर कोणाला तरी लाज वाटली असावी. चेक तुझ्या नावावर होता, म्हणजे तो आता कोणालाच वटवता येणार नव्हता. वारसाच्या दाखल्यासाठी तो परत गेला आणि मी त्याच्या मागे लागलो नाही. त्याचा विषय तिथे संपला. सरांना मात्र तो निमित्त म्हणून उपयोगी पडला. रिकाम्या हातांनी येऊन जे मागायचं होतं ते मागणं त्यांना जड गेलं असतं.

कॉफीचा पेला हातात तसाच धरून ते म्हणाले, “सार, वनजाच्या पेट्या घरीच आहेत ना? ओलीत ठेवू नका. कीड लागली तर सगळं जाईल.”

“माळ्यावर आहेत. कोरड्या आहेत.”

“मलर त्याच प्रोजेक्टवर आहे, वनजाची धाकटी मैत्रीण. तिचं एकाच वर्षाचं काम झालंय. वनजाचं तीन वर्षांचं काम तिला मिळालं तर तिचा प्रबंध पुरा होईल. वाया जाणार नाही.”

“आणि वनजाचा प्रबंध?”

त्यांनी पेला खाली ठेवला. “आभारांत पहिलं नाव तिचंच राहील. मी शब्द देतो.”

तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “आभार कोणी कोणाचे मानायचे?” सर उठले, फोटोला नमस्कार केला आणि गेले.

हे मी मराठीत लिहितो आहे. एक कारण असं की आपली भांडणं मराठीत व्हायची. तमिळमध्ये आपण दोघंही सभ्य होतो. दुसरं कारण, तुझ्या आईला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. घरात ही अक्षरं मला येतात, आणि मी शिकवली म्हणून तुला अडखळत यायची. काही गोष्टी तुला सांगायच्या आहेत आणि तिच्या नजरेखालून जाऊ द्यायच्या नाहीत.

तुझं शिक्षण मी लोकांना नेहमी क्रमाने सांगायचो. बारावीला जीवशास्त्रात शाळेत पहिली, मग इथेच प्राणिशास्त्रात बीएस्सी, तिरुच्चीला एमएस्सी, दोन वर्षं शाळेत शिकवणं, मग संशोधन. ऐकणारा पहिल्याच पायरीवर थांबायचा. “मग मेडिकल का नाही?” इथे जीवशास्त्र घेणारी प्रत्येक मुलगी म्हणजे डॉक्टर व्हायची राहिलेली मुलगी. अण्णा, म्हणजे तुझे वडील, त्याच वर्षी गेले होते. सीट थोड्या गुणांनी हुकली आणि देणगीच्या सीटचा विचार करण्याची आपली ऐपत नव्हती. तू म्हणायचीस, मला व्हायचंच नव्हतं. “आजारी माणसं फार बोलतात, काका. बेडूक बरे.” सगळे हसायचे. पण यादी लागली त्या दिवशी तू एकटीच बसने तिरुवैयारूला गेली होतीस. घाटाच्या पायऱ्यांवर बसून संध्याकाळी परत आलीस, परकर गुडघ्यापर्यंत ओला. कोणी काही विचारलं नाही. तुला खरंच डॉक्टर व्हायचं नव्हतं का? एवढ्या वर्षांत मी ते विचारलं नाही. आज विचारतो. कागदावर पुढची ओळ तुझी आहे आणि ती कोरीच राहणार.

मग घुबडं आली. पापनाशमच्या अलीकडे एक बंद पडलेली भातगिरणी, तिच्या पोटमाळ्यावर गव्हाणी घुबडांचं बिऱ्हाड, आणि भोवती भाताची शेतं. ही घुबडं शेतातले किती उंदीर खातात, कोणत्या जातीचे, पिकाच्या कोणत्या महिन्यात, हा तुझा विषय. विषारी औषधावर पैसे घालण्यापेक्षा शेतकऱ्याने घुबडाला बसायला शेतात दांडा रोवावा, हे तुला आकड्यांनी दाखवायचं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुझ्या काकूने विचारलं, “दुसरा कुठला पक्षी नव्हता?” तू म्हणालीस, “मोरावर आधीच गर्दी आहे.”

मुलाकडच्यांना तुझी आई सांगायची, “शेतीविषयात पीएचडी करते.” आणि समोरचा काही बोलायच्या आत पुढचं वाक्य: “पण शेतात जात नाही हो. सगळं लॅबमध्ये.” ते तिचं पाठ झालं होतं. तू आतल्या खोलीत बसून ऐकायचीस आणि पाहुणे गेल्यावर विचारायचीस, “आई, शेतात न जाता शेतातलं घुबड भेटणार कुठे? लॅबमध्ये चहाला येतं?” ती म्हणायची, “तुला काय कळतंय. गप बैस की.” मला तिचं कळायचं. राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत शेतात जाते ती मजुरीवर लावणी करणारी बाई. आपली पापनाशमला जमीन होती तेव्हाही आपल्या माणसांचे पाय बांधावर थांबत. जमीन गेली, पण पाय बांधावरच राहिले. तू बाहेरच्या खोलीत येऊन तिला कधी खोटं पाडलं नाहीस, याबद्दल मी तुझा आभारी होतो. ते बोललो नव्हतो.

तू सकाळच्या पहिल्या बसने जायचीस. मी घेऊन दिलेले गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट पहिल्याच दिवशी चिखलात रुतले आणि तू त्यांतून वर आलीस, ते खाली राहिले. लावणीवाल्या बायका हसून लोळल्या. त्या तुला आंदै-अम्मा म्हणायच्या, घुबडबाई. तेव्हापासून बूट बांधावर आणि तू अनवाणी. हे तू घरी येऊन मोठ्या आनंदाने सांगितलंस. आईसमोर नाही, माझ्यासमोर.

घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि त्याची हाडं-केस एका गोळीत बांधून तोंडावाटे टाकून देतं. त्या गोळ्या तू पिशवीतून आणायचीस आणि गच्चीवर सुपात वाळवायचीस. शेजारी काकूचे तांदळाचे वडाम वाळत असायचे. काकू म्हणाली, “तुझे वडाम त्या बाजूला, माझे या बाजूला. पाहुण्यांना कुठले तळून घालायचे ते मला कळायला हवं.” तू म्हणालीस, “मुलाकडचे आले तर माझे तळा.”

रविवारी मी तुझ्याबरोबर बसायचो. गोळी कोमट पाण्यात भिजवायची, सुईने सोडवायची, जबडे वेगळे काढायचे. मी नोकरीभर दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या. तुझ्या गच्चीवर प्रथमच मोजायला काही खरं मिळालं.

“डावे एकेचाळीस,” मी म्हणालो. “उजवे अडतीस.”

“मग उंदीर किती?”

“अडतीस जोड्या. तीन सुटे.”

“एकेचाळीस उंदीर, काका. डावा जबडा आहे म्हणजे उंदीर होता.”

“मग तीन उजवे गेले कुठे?”

“हरवले.”

“हे ऑडिटला चालत नाही.”

“घुबडाला मेमो पाठवा.”

ते दोन तास मला फार आवडायचे. आठवडाभर कचेरीत मला कोणी चूक काढून दाखवत नसे. तू दाखवायचीस, आणि का चूक आहे ते सांगायचीस, न कंटाळता. आता मी बसमधून जाताना शेतातले दांडे पाहतो आणि त्यांच्या बुंध्याशी काही पडलंय का ते शोधतो. ही नजर तू दिलीस. तिचा मला काही उपयोग नाही, पण ती जातही नाही.

आपला एक वाद त्याच गच्चीवर सुरू झाला आणि संपला नाही. मी म्हणायचो, प्रत्येक तक्त्याखाली सही कर. तू म्हणायचीस, “उंदरांचा आकडा कोण खोटा लिहिणार?”

“सही खोटं लिहिणाऱ्यासाठी नसते. खरं लिहिणाऱ्यासाठी असते. उद्या कोणी विचारलं हे कोणी मोजलं, तर कागदाने सांगायला हवं.”

“आकडा बरोबर असला की झालं. कोणी मोजला याने उंदराला काय फरक पडतो?”

“उंदराला नाही पडत.”

“मग झालं तर.”

तू कधीच सही केली नाहीस. आज तुझ्या पेट्यांत शेकडो तक्ते आहेत आणि ते कोणाचे हे एकाही कागदावर लिहिलेलं नाही. मी जिंकलो असं म्हणण्याची ही वेळ नाही. तूच जिंकलीस असंही म्हणता येत नाही.

दुसरा वाद पैशाचा वाटायचा, पण तसा नव्हता. रघू कॉम्प्युटरचा कोर्स करून बेंगळुरूला लागला, पहिल्या महिन्यात नऊ हजार. माझा मुलगा, मला अभिमान वाटणारच. त्या दिवाळीत मी तुला म्हणालो, “सहा महिन्यांचा कोर्स आहे. फी मी भरतो.”

“रघूला कॉम्प्युटर आवडतो, काका.”

“रघूला पगार आवडतो. कॉम्प्युटरची आणि त्याची अजून नीट ओळख नाही.”

तू हसलीस आणि मग म्हणालीस, “रघूचा पगार तुम्ही तिन्ही गल्ल्यांत सांगितलात. माझे उंदीर कोणाला सांगितलेत?”

मी विचारलं, “किती झाले?” तू आकडा सांगितलास आणि तो मी पुढच्या आठवड्यात कचेरीत दोघांना सांगितला. त्यांना वाटलं नगरपालिकेने पकडले.

त्याच सुमारास तुझ्या कॉलेजात नवी लॅब झाली, एअरकंडिशनची. सर तुला म्हणाले, घुबडाचं रक्त घे, त्यातलं डीएनए बघ, पुढची तीन वर्षं पैशांची चिंता नाही. तू जेवताना मला सांगितलंस, “घुबड काय खातं याला आता कोणी पैसे देत नाही. घुबड कशाचं बनलंय याला देतात.” मी म्हणालो, मग ते कर. सगळा देश बदलतोय, तू एकटी गिरणीच्या माळ्यावर किती वर्षं बसणार. तू ताटावरून उठलीस. मी चुकीचं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही पुरतं वाटत नाही. तुझं म्हणणं मात्र राहिलं. तू हात धुऊन परत येशील आणि बोलशील म्हणून मी थांबलो होतो. तू सरळ गच्चीवर गेलीस.

नोव्हेंबरचा पाऊस जोरात होता. शेवटच्या प्रकरणासाठी तुला त्या महिन्याच्या गोळ्या हव्याच होत्या. शेतं तुडुंब भरलेली, उंदरांची बिळं पाण्याखाली. तू रोज जात होतीस. मग ताप आला. पोटऱ्या दुखतात म्हणालीस, चालून चालून. मग डोळे पिवळे झाले. काकूने भुईआवळी वाटून ताकातून दिली. इथे कावीळ म्हटली की प्रत्येक घरात हेच देतात. तू निमूटपणे प्यायलीस आणि म्हणालीस, “गोळीपेक्षा चव बरी आहे.” कुठली गोळी, हे काकूला कळायला वेळ लागला. ते या घरातलं तुझं शेवटचं हसणं.

उलट्या थांबेनात तेव्हा आपण इस्पितळात गेलो. तुला खाटेवर घातलं. मी खाली औषधांच्या खिडकीशी रांगेत होतो. वर तुझ्याजवळ तुझी आई. तरुण डॉक्टर आला. त्याला पुष्कळ खाटा बघायच्या होत्या. त्याने तुला तपासलं आणि आईला विचारलं, “शेतात, साचलेल्या पाण्यात जाते का ही?”

आणि तुझी आई म्हणाली, “नाही नाही, डॉक्टर. शेतात कसली जाते. ती पीएचडी करते.”

ती खोटं बोलली नाही, वनी. म्हणजे बोलली, पण तिला तसं वाटलं नाही. तीन वर्षं जे वाक्य तुझं भलं व्हावं म्हणून बोलत आली, तेच तोंडातून आलं. समोर पांढऱ्या कोटातला, चांगल्या घरातला दिसणारा मुलगा होता. त्याने कागदावर ‘विद्यार्थिनी’ असं लिहिलं आणि साध्या काविळीचं औषध सुरू केलं.

दोन दिवसांनी मलर तुला भेटायला आली. डॉक्टर शेजारच्या खाटेपाशी होता. मलर तुझे पाय चेपत होती आणि रडत तुझ्या काकूला सांगत होती, “अक्का त्या सगळ्या पाण्यातून अनवाणी फिरायची.” डॉक्टर वळला. त्याने पांघरूण वर केलं आणि तुझे तळवे पाहिले, चिरांनी भरलेले. मग तो धावलाच. उंदीरताप. उंदराच्या मुतातून पाण्यात, पाण्यातून पायाच्या चिरांत. इंजेक्शन त्याच तासाला सुरू झालं. तोवर मूत्रपिंडं थांबली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

पहिल्या दिवशी कळलं असतं तरी वाचली असती असं सांगता येत नाही, असं डॉक्टर मला म्हणाला. हे खरं म्हणून म्हणाला की दया म्हणून, ते मला ठरवता आलेलं नाही. माझा सगळा जन्म वजाबाकीत गेला आणि ही दोन दिवसांची वजाबाकी मला येत नाही.

तुझ्या आईला मी काही बोललेलो नाही. स्मशानातून आम्ही परतलो तेव्हा ती मागच्या अंगणात नळाशी पाय धूत होती. मला पाहून म्हणाली, “डॉक्टरांनी विचारलं होतं, भावजी. मी नाही म्हटलं.” आणि पाय धूतच राहिली. मी म्हणालो, “पाणी गार आहे, वहिनी. आत चला.” त्यानंतर या घरात तो विषय निघालेला नाही.

तू ऐकलं होतंस का ते? डोळे मिटलेले होते. शुद्ध होती म्हणतात. ऐकलं असतंस तर काहीतरी टोचून बोललीच असतीस, असं मी स्वतःला सांगतो. पण आतल्या खोलीतून तू सगळं ऐकायचीस आणि पाहुण्यांदेखत आईला कधी खोटं पाडायची नाहीस. हे दुसरं मनात आलं की मी उठून गच्चीवर जातो.

सर येऊन गेल्यावर मी रजा काढून विद्यापीठात गेलो. तुझी टाइप झालेली चार प्रकरणं पिशवीत घेतली. पाचव्याचे तक्ते तयार होते, मजकूर नव्हता. मला वाटलं, चारांवर काही करता येईल. खिडकीतला कारकून माझ्याच वयाचा होता. त्याने मला आत बोलावून खुर्ची दिली.

“उमेदवार कुठे आहे?”

“वारली.”

त्याने चष्मा काढला. “सादर केल्यानंतर वारली असती तर वर लिहून काही करता आलं असतं, सार.”

“आता?”

“आता ‘हे काम माझं आहे’ अशा निवेदनाखाली तिची सही लागते. ती कोण करणार? आणि समजा ते झालं, तोंडी परीक्षा कोण देणार?”

त्याने उद्धटपणे विचारलं नव्हतं, आणि मग माझ्यासाठी पाणी मागवलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं, आणि मलाही तसंच पाणी मागवावं लागलं असतं. पिशवी मांडीवर घेऊन मी बसने परत आलो.

घरी तुझ्या आईचं ठरलं होतं. तै महिन्याच्या, संक्रांतीनंतरच्या, पहिल्या शुक्रवारी तुला कन्नी म्हणून बसवायचं. ही इथली रीत, आपल्या लोकांनी शेजाऱ्यांकडून केव्हातरी घेतलेली: घरातली मुलगी लग्नाआधी गेली की ती घराची देवी होते. तिच्यासाठी वेताच्या पेटीत नवा परकर, पोलकं, बांगड्या, कुंकू ठेवायचं आणि वर्षातून एकदा पूजा करायची. आपल्याकडे ती पेटी आहेच, माझ्या आत्याची. ती आठ वर्षांची असताना गेली. सहा-सात वर्षांची असताना तू पूजेच्या वेळी विचारलं होतंस, “तिला दर वर्षी तेवढाच परकर का? ती वाढत का नाही?” मी म्हणालो, देव वाढत नाहीत. “मग ते जिवंत आहेत कशावरून?” तेव्हा माझ्या आईने तुला प्रसाद देऊन बाहेर पाठवलं.

“परकर आत्याच्या मापाचाच आणायचा,” तुझी आई मला म्हणाली. “कन्नी लहानच असते. आणि त्या हाडांच्या पेट्या त्याआधी घराबाहेर. उंदराची हाडं असलेल्या घरात मी तिला बसवणार नाही. कोणी नेत नसेल तर वडवाऱ्याच्या पात्रात सोडा.”

“वहिनी, ती अठ्ठावीस वर्षांची होती. तिने चार प्रकरणं लिहिली होती.”

“त्या चार प्रकरणांचं काय झालं? तुम्हीच गेला होतात ना?”

मी पिशवी खुंटीला अडकवली.

“तिथे ती कोणी नाही, भावजी. इथे तरी असू दे.”

तुला डॉक्टर करणं जमलं नाही. देवी करायला एक शुक्रवार पुरतो. आभाराच्या पानावर तू एक नाव, पेटीत तू एक लहान मुलगी. दोन्हीकडे तू शेतात जात नाहीस. ते म्हणण्याचं धाडस वहिनीसमोर मला झालं नाही. तिच्यासमोर ‘शेत’ हा शब्द मी आता उच्चारत नाही.

मी मलरला निरोप पाठवला. बुधवारी ती रिक्षा घेऊन आली. पेट्या खाली उतरवताना तिने एक उघडली, वरचे कागद चाळले आणि म्हणाली, “अंकल, अक्काची सही कुठेच नाही.”

“ती करायची नाही.”

“मी लिहीन. प्रत्येक तक्त्याखाली लिहीन, हे अक्काने मोजलं.”

“सर लिहू देतील?”

तिने पेटीचं झाकण लावलं. मुलगी चांगली आहे. खोटा शब्द दिला नाही. “आभारांत नक्की,” ती म्हणाली.

आदल्या दिवशी माझ्या मनात आलं होतं की प्रत्येक कागदाखाली मीच तुझं नाव घालावं. पेनही घेतलं होतं. पण दुसऱ्याची सही करणं मला येत नाही, तुझी सुद्धा नाही. मी मलरला पेट्या रिक्षात ठेवायला मदत केली. रिक्षा राजवाड्याच्या भिंतीकडे वळली. तुझ्या आईने लगेच माळा धुवायला पाणी काढलं.

गुरुवारी संध्याकाळी मी दक्षिण वीथीतल्या कापडाच्या दुकानात गेलो. मालक गल्ल्यावर होता. परकर-पोलकं हवं म्हणालो.

“पाप्पाचं वय काय, सार? मुलगी केवढी?”

“आठ.”

त्याने तीन-चार काढून पसरले. “अंगाने कशी आहे? भरलेली की बारीक?”

“बारीक.”

मी हिरवा उचलला, लाल काठाचा. त्याने तो माझ्या हातातून घेऊन त्याच रंगातला दुसरा पुढे केला. “हा घ्या, दोन बोटं मोठा आहे. वाढीचं अंग, सार. पुढच्या वर्षीही होईल.”

“नको,” मी म्हणालो. “आधीचाच द्या.”

त्याने पाच रुपये कमी केले. परकर आणि पोलकं मिळून एकशे पंच्याऐंशी रुपये त्या दुकानदाराला रोख दिले.